ब्लिथसाहेब आणि धान्या

कामोठे, नवी मुंबई
१४ डिसेंबर १९९७

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. मिठागराच्या कडेला तंबूत राहून तब्येत सुधारली असं तू लिहितोस, त्यावर आईचा विश्वास नाही. ‘सुधारली म्हंजी वाळला असंल,’ असं तिचं म्हणणं. तू तिकडे तामिळनाडूत पाखरं पकडून त्यांच्या पायात नंबराचे वाळे घालतोस हे तिने सुमित्रामावशीला कौतुकाने सांगितलं, तर मावशी म्हणाली, आधी स्वतःच्या लेकराच्या पायात घाल म्हणावं. मी नुसता निरोप पोचवते आहे, मला मध्ये ओढू नकोस.

अण्णा ठीक आहेत. सहा तारखेला दादरला जाऊन आले. रांगेत उभे राहिले, नेलेल्या भाकरींतल्या निम्म्या शेजारच्या म्हाताऱ्याला दिल्या आणि पुस्तकांची पिशवी भरून आणली. तहसील कचेरी सुटली तरी कचेरीची सवय सुटलेली नाही. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. बिल्डिंगमधल्या मुलांनी त्यांचं नावच ‘पहिली पायरी’ ठेवलंय. त्यांना ते कळलंय, आणि मनातून आवडलंयसुद्धा.

माझं तुर्भ्याचं काम चालू आहे. लेबलं छापायची आणि रंग जुळवायचे. मागच्या महिन्यात एका बिस्किटवाल्याने तपकिरी रंग पुन्हा पुन्हा परत पाठवला. त्याला बिस्किटाचा तपकिरी हवा होता आणि आम्ही म्हणे चहाचा दिला होता. शेवटी साहेबांनी मला बोलावलं. दोन तपकिरींमधला फरक ओळखायचा मला पगार मिळतो असं सांगितलं की लोक हसतात.

आई सध्या नेरूळला सुमित्रामावशीकडे आहे. गुडघा दुखतो, आणि तिथे डॉक्टर जवळ आहे. काळजीचं काही नाही.

बाकी घरातलं बारीकसारीक. मोरीचं दार पुन्हा लागेनासं झालं. दिवाळीत सुताराने रंधा मारला होता, परवा परत मारला. आमचा सेक्रेटरी अरविंद म्हणाला, ‘ताई, टेन्शन नका घेऊ. नवी बिल्डिंग आहे, थोडी बसणारच.’ तळमजल्यावर सगळ्यांच्याच दारांची ही तऱ्हा आहे, तेव्हा आपलंच काही वेगळं नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या भिंतीपलीकडे भराव टाकून सपाट केलं होतं, बाभळीची झुडपं आली होती, ती जागा आठवते ना? तिथे आता बोरूचं गवत माजलंय, माझ्या डोक्याच्या वर गेलंय. त्यात एक वटवट्या राहायला आला आहे.

आपल्या घरात या दोन वटवट्यांची जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाचीसुद्धा झाली नसेल. एक ब्लिथचा वटवट्या. इंग्रजाचं नाव म्हणून अण्णा त्याला ब्लिथसाहेब म्हणायला लागले. दुसरा धान वटवट्या, म्हणजे आपला धान्या. दोघं चिमणीहून लहान, दोघं तपकिरी, दोघं थंडीत उत्तरेकडून येणारे आणि दोघंही पाल्यात दडून बघणाऱ्याचा जीव काढणारे. साहेब झाडाझुडपांत राहतो, त्याला कोरडी जमीन चालते. धान्याला पायाखाली पाणी लागतं. भाताचं खाचर, दलदल, बोरू.

९५ साली आपण तिघं ही जागा बघायला आलो तेव्हा अण्णांनी तुला हेच विचारलं होतं. मूळची खाजणाची, भरतीचं पाणी शिरणारी जमीन, वर भराव, घर घ्यावं की नाही? तू समोरच्या बाभळीकडे बघितलंस आणि म्हणालास, ‘ब्लिथसाहेब आहेत. म्हणजे जमीन कोरडी. धान्या असता तर मी म्हटलं असतं खाली अजून पाणी आहे.’ अण्णांनी ना इंजिनिअरला विचारलं ना गावातल्या कुणाला. तळमजल्याचा फ्लॅट पक्का करून मोकळे झाले. घरातला पहिला एम.एस्सी. बोलला होता, म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ.

तर हा माझा जो आहे, त्याची भुवई पांढरी, जाड, डोळ्याच्या पार मागेपर्यंत गेलेली आहे आणि तिच्यावर एक काळपट रेघ आहे. साहेबाची भुवई डोळ्यापाशीच संपते हे तूच शिकवलंस. चोच आखूड, टोकाशी काळी. शेपटीच्या मुळाशी रंग विटकरीकडे झुकतो. रंगात मी सहसा चुकत नाही, पण तुला विचारल्याशिवाय नाव देणार नाही. काय वाटतं ते कळव. उगीच आपलं कुतूहल म्हणून विचारते आहे.

तुझी,
दीक्षा


कामोठे
२५ जानेवारी १९९८

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर आलं. पाकिटावर अण्णांचं नाव होतं, म्हणून आधी त्यांनी वाचलं आणि मग पायरीवर बसून साऱ्या जिन्याला वाचून दाखवलं. दीक्षाने पाहिलेला पक्षी ब्लिथचाच असणार, हिवाळ्यात तो बोरूतही शिरतो, तिरप्या उजेडात भुवई जाड वाटते. इथवर त्यांचा आवाज खणखणीत होता. पुढे तू लिहिलं होतंस की पक्षी हातात घेऊन पंखाचं दुसरं पीस बघितल्याशिवाय खात्रीने सांगू नये. ते वाक्य त्यांनी चष्मा पुसत पुसत म्हटलं. ते कुणी ऐकलं नाही.

तू पाठवलेलं चित्र त्यांनी ओट्याच्या वर चिकटवलंय. डावीकडे साहेबाचं डोकं आणि पंख, उजवीकडे धान्याचं. चहा उकळेपर्यंत त्याच्याकडे बघत उभे असतात. परीक्षेला बसायचंय का, असं मी विचारलं, तर म्हणाले, बसलो तर पास होईन.

सगळ्यांना हायसं वाटलं म्हणतात. समोरचे अहमदभाई आणि करिमुन्निसाभाभी घर विकून पनवेलला जायचं म्हणत होते, त्यांनी बेत सोडून दिला. ‘रावसाहेबांचा मुलगा पक्ष्यांचा डॉक्टर आहे, तो कशाला खोटं सांगेल,’ असं अहमदभाई मला म्हणाले. त्यांची नात हादिया नुकती चालायला लागली आहे. आपल्या हॉलमध्ये सोडली की दर वेळी मागच्या भिंतीकडेच जाते आणि तिथेच जाऊन पडते. सगळे हसतात. मी हसून बघितलं, मला जमलं नाही.

दादा, मी तो पक्षी पुन्हा बघितला. सकाळी, भर दुपारी, आभाळ भरून आलेलं असताना. उजेड बदलला, भुवई बदलली नाही. हाकही ऐकली. साहेबाची ‘चक्’ कशी खणकन येते, ही तशी नव्हती, मऊ होती. तू तिकडे जाळ्यातून शेकडो पाखरं काढतोस आणि मी लेबलांच्या कारखान्यातली बाई, हे सगळं मला मान्य आहे.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. आईच्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

भरतीच्या वेळेला आपल्या ओट्याखालून आवाज येतो. कुणी पाणी ओतलेलं नसतं आणि मोरी घोट घेते. आईने आधी मला ऐकवलं, मग अण्णांना. अण्णा म्हणाले, पाइपात हवा धरली असेल. आई म्हणाली, ‘माझ्या बापानं वस्तीची इहीर खोदली. गावानं पाणी दिलं न्हाई म्हणून खोदली. भुईखाली पाणी कसं बोलतं ते मला नका शिकवू.’ अण्णा म्हणाले, आपल्या रोहनने सांगितलंय, जमीन कोरडी आहे. त्यावर तिने पिशवी भरली आणि ती नेरूळला निघून गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. मी रविवारी तिच्याकडे जाते. अण्णा जेवतात का हे ती विचारत नाही, पण डबा दोघांपुरता भरून देते.

हॉलमधल्या तसबिरी, बुद्धांची आणि बाबासाहेबांची, रोज सकाळी वाकड्या दिसतात आणि अण्णा रोज सरळ करतात. परवा ते बाहेर असताना मी दोऱ्याला कुलूप बांधून भिंतीशी धरून बघितलं. तसबिरी आधीपासून सरळच होत्या, भिंत कलली आहे. मी दोरा गुंडाळून कपाटात टाकला आणि कुकर लावला. मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

मागे कपडे वाळत घालतो तिथल्या लाद्यांच्या फटीतून बोरूचा कोंब आला. अण्णांनी विळीने कापला. तो शेजारच्या फटीतून आला.

अरविंदने एक माणूस आणला होता. त्याने भेगांत पांढरं सिमेंट भरलं, वर रंग मारला आणि चहा पिऊन गेला. रंग जुळला नाही. जिथे जिथे भेग होती तिथे आता एक पांढरट रेघ दिसते, त्यामुळे पूर्वी न दिसणाऱ्याही दिसायला लागल्या.

मला भीती वाटते, दादा. कामावरून परत येताना कोपऱ्यावर वळले की आधी बिल्डिंग बघते आणि मग श्वास सोडते.

तू मला काही लिहू नकोस, अण्णांना लिही. कदाचित तो धान्या असेल, एवढंच. ते माझं ऐकत नाहीत, आईचं ऐकलं नाही, भिंतीचंही ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

तुझी,
दीक्षा


कामोठे
८ मार्च १९९८

दादा,
जय भीम.

तुझं उत्तर आलेलं नाही. तुमचा कॅम्प हलला असेल, किंवा तू विचार करत असशील. हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे. तार करणार होते. ‘वडील सीरियस’ असं लिहिलं असतं तर तू पहिली गाडी पकडून आला असतास, पण पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून ते खोटं लिहवेना. परत येताना वाटलं, खोटं होतं का ते.

गेल्या रविवारी दुपारी तो आपल्या स्वयंपाकघरात आला.

मागचं दार आता लागतच नाही, अर्धवट उघडं असतं, त्यातून शिरला असणार. मी धुणं घेऊन येते तर अण्णा खिडकीशी उभे होते आणि तो जाळीला पंख आपटत होता. अण्णांनी ओट्यावरचं फडकं अलगद त्याच्यावर टाकलं आणि त्याला हातात घेतलं. तू ९६च्या दिवाळीत आला होतास तेव्हा घरात शिरलेल्या चिमणीवर दाखवलं होतंस तसंच धरलं, मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळहाताला. मला वाटायचं त्या वेळी त्यांचं लक्ष पेपरात होतं.

त्यांनी मला चष्मा नाकावर नीट बसवायला सांगितलं. मग पक्षी तुझ्या चित्राशेजारी धरला. आधी भुवई बघितली, मग चोच. मग पंख उघडला आणि दुसरं पीस कुठवर येतं ते बघितलं. कचेरीत सातबाऱ्याच्या नकला मुळाशी ताडून बघायचे ना, तसे बघत होते, ओठ हलवत. त्या पाखराचं काळीज किती जोरात उडत होतं ते मला लांबूनसुद्धा दिसत होतं.

‘धान्या हाय,’ अण्णा म्हणाले.

मागच्या दारात जाऊन त्यांनी त्याला सोडलं. तो सरळ बोरूत शिरला. अण्णा तिथेच लाद्यांवर उभे राहिले, आणि दादा, मला इतकं हलकं वाटलं. मी म्हटलं, अण्णा, मी बॅगा काढते, आजच नेरूळला जाऊ, आई खूश होईल. ते बोरूकडेच बघत होते. मग म्हणाले, ‘रोहनला लिहू नको.’

मी म्हटलं, का?

‘त्याला वाईट वाटंल. आन् मी सगळ्या जिन्याला सांगून बसलोय. आता मीच बाडबिस्तरा घेऊन निघालो तर लोक काय म्हणतील? रावसाहेबाच्या पोराला काही येत नव्हतं, उगंच मोठेपणा केला, असंच ना? आपल्या माणसानं एकदा चूक केली तर धा वर्षं काढतात. मी बघितलंय कचेरीत. दुसऱ्यानं केली तर कुणाच्या ध्यानातबी राहत नाही.’

मी चिडले. म्हटलं, त्याने त्या दिवशी नीट बघितलं असतं तर ही वेळच आली नसती. यावर अण्णा म्हणाले, ‘त्याच्या गळ्यात त्या दिवशी दुर्बीण नव्हती. मला दिसलं नव्हतं काय?’

आपण दोघं यावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहिते. दुर्बीण फोर्टातल्या दुरुस्तीवाल्याकडे होती, मीच टाकायला गेले होते. शेजारच्या प्लॉटवर जेसीबी चालला होता, त्या आवाजात हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. तुला एक तपकिरी पाखरू उडताना दिसलं आणि अण्णा तोंडाकडे बघत उभे होते, म्हणून तू नाव सांगितलंस. मला ते कळलं होतं. मला हे घर हवं होतं, मी गप्प बसले. मला वाटायचं हे तुझ्यामाझ्यातच आहे.

मी अण्णांना विचारलं, मग घर का घेतलंत? ते म्हणाले, ‘पोरगं पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडं न बघता ठामपणानं काहीतरी बोललं. बापानंच खरं धरलं नाही तर कोण धरणार?’

एवढं बोलून ते इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर जाऊन बसले.

मी गप्प बसलेले नाही. त्याच संध्याकाळी अहमदभाईंकडे गेले, बाकीच्यांचीही दारं ठोठावली. पक्षी, भिंत, ओट्याखालचा आवाज, सगळं सांगितलं. करिमुन्निसाभाभी घाबरल्या, त्यांनी हादियाला उचलून कडेवर घेतलं. पण अरविंद तिथे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ताई, एक बोला. तुमचे वडील कुठे राहतात? तळमजल्यावरच ना? त्यांना धोका वाटला असता तर राहिले असते का?’ आणि सगळ्यांनी जिन्याकडे बघितलं. अण्णा बसलेले होते. त्यांनी सगळ्यांना हात जोडून जय भीम केला. झालं, लोक आपापल्या घरी गेले.

तुझ्या लक्षात येतंय का दादा? आता तुझ्या पत्रावर कुणी विसंबलेलं नाही. अण्णा बसलेत म्हणून लोक राहिलेत, आणि लोक बघतात म्हणून अण्णा बसलेत. मी रडले, भांडले, जेवण बंद केलं. ते म्हणतात, ‘तू जा तुझ्या आईकडं. मी हळूहळू सांगंन सगळ्यांना.’ आठवडा झाला, एकालाही सांगितलेलं नाही. घरात मात्र आता ते आवाज ऐकतात. मोरीने घोट घेतला की हातातला पेपर खाली ठेवतात आणि तो थांबेपर्यंत उचलत नाहीत.

परवापासून पुढचं दारही घासायला लागलंय. सुतार म्हणाला, आता रंधा मारायला लाकूड उरलं नाही, चौकटच दाबली गेलीय.

आज सकाळी दिवाळे गावची कोळीण गोजरा मासळी घेऊन आली होती. टोपली उतरवताना म्हणाली, ‘यंदा होलीच्या पुनवेला लय मोठं उधान हाय, आमी होड्या वर घेतल्यान.’ ती तिच्या होड्यांचं बोलत होती. अण्णा पायरीवर होते. त्यांनी ऐकलं आणि बोंबलाचा भाव विचारला.

पौर्णिमा शुक्रवारी आहे.

आता पत्र नको, दादा. तू काही लिहिलंस तरी ते आधी त्यांच्या हातात पडेल, आणि त्यातलं कुठलं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि कुठलं चष्मा पुसत, हे ते ठरवतील. तू ये. जिन्यात उभा राहा, अहमदभाईंना बोलाव, अरविंदला बोलाव, आणि सगळ्यांदेखत सांग की त्या दिवशी माझ्याकडे दुर्बीण नव्हती, मी अंदाजाने बोललो, तो पक्षी मी ओळखलेला नव्हता. तुला लाज वाटेल. वाटू दे. अण्णा तुझ्या नावाची राखण करत बसलेत. तूच येऊन नाव खाली ठेवलंस तर त्यांना बसायला कारण उरणार नाही, ते उठतील. ते उठले की बाकीचे उठतील. मी सगळीकडून विचार करून बघितला, दुसरा उपाय मला सापडत नाही.

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी निघालास तर होळीच्या आत पोचशील. मी आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने मला शपथ घालून नेरूळला बोलावलंय, पण अण्णांना एकटं सोडून मी जाऊ शकत नाही. कामावर रजा टाकली आहे.

तुझी,
अजून तळमजल्यावरच असलेली,
दीक्षा